हरकत नाही

बहिणीने माइक हातात घेतला आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "दादा". माइक चांगला होता. शब्द सुनावणीच्या दालनाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि सगळीकडे हसू फुटलं. त्यात वाईट काही नव्हतं. सकाळपासून आकडे आणि कलमं ऐकून आंबलेल्या माणसांना जरा मोकळं व्हायला निमित्त मिळालं होतं. वकील हसले, पारेषण कंपनीचे अभियंते हसले, अध्यक्षसुद्धा चष्म्यावरून त्याच्याकडे बघून हसले. अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसलेला तो मात्र हसला नाही. मानेच्या मागून काहीतरी गार ओघळत सदऱ्याच्या आतून कमरेपर्यंत गेल्यासारखं त्याला वाटलं. समोरचा ग्लास त्याने उचलला, पाणी न पिताच खाली ठेवला आणि आपल्या माइकचं बटण दाबलं. "आपलं नाव, पत्ता सांगा," तो म्हणाला, "आणि आयोगाला उद्देशून बोला. इथे कोणी दादा नाही." पुन्हा हसू उमटलं, पण आखडतं. बहीण गोंधळली. घरात सगळे तिला बेबी म्हणत आणि साठीला आली तरी ती बेबीच राहिली होती. आयुष्यभर शिशुवर्गाला शिकवल्यामुळे तिच्या आवाजात कायम कुणाला तरी समजावण्याचा सूर असे. त्याच सुरात ती म्हणाली, "चुकलं. सवयीने गेलं तोंडातून." मग तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. तो पत्ता लहानपणी त्याने वह्यांच्या पहिल्या पानावर, पोस्टकार्डांवर, शाळेच्या अर्जांवर इतक्यांदा लिहिला होता की ती बोलत असताना त्याचं बोट टेबलाच्या कडेवर आपोआप ती अक्षरं गिरवू लागलं. त्याने हात मांडीवर घेतला.

वीज नियामक आयोगात त्याला 'काटा' म्हणत. तराजूचा काटा, कुठेच न झुकणारा. चांगल्या मनाची माणसं हा अर्थ सांगत. बाकीच्यांच्या मनात दुसराही काटा असे, हे त्याला ठाऊक होतं आणि दोन्ही अर्थ त्याला चालत. वीज जिथे तयार होते तिथून ती गावागावांत पोचवणाऱ्या मोठ्या वाहिन्या कुठे उभारायच्या, त्यावर किती पैसा घालायचा, हे पारेषण कंपनी सुचवी आणि आयोग मंजूर करी. कारण घातलेला सगळा खर्च, वर कंपनीचा ठरलेला परतावा, शेवटी घरोघरच्या बिलांत उतरत असे. पूर्वेकडच्या भागाला वर्षानुवर्षं अपुरी वीज मिळत होती. तिथल्या यंत्रमागांच्या मोटारी जळत, पंखे दमेकऱ्यासारखे फिरत, इस्पितळातली लिफ्ट रुग्णासकट मध्येच थांबे. त्यासाठी नवी उच्चदाब वाहिनी हवी, यात वाद नव्हता. वाद होता तो या शहराच्या कडेला असलेल्या एका जुन्या बंगल्यांच्या कॉलनीपुरता. वाहिनी कॉलनीच्या मागून जाणार होती. रहिवाशांचं म्हणणं, तेवढ्या तुकड्यात मनोरे नकोत, जमिनीखालून केबल टाका. केबलला कित्येक पट खर्च. कंपनीला त्याचं दुःख नव्हतं. जितका जास्त पैसा ती मातीत पुरेल तितका परतावा जास्त. म्हणजे कॉलनी खूश, कंपनी खूश, आणि बिल भरायचं पूर्वेकडच्या त्या लोकांनी, ज्यांना या कॉलनीचं नावही माहीत नव्हतं. त्यांच्या बाजूने बोलायला दालनात कुणीच नव्हतं. तो होता.

प्रकरण पहिल्यांदा आलं त्या दिवशी त्याने रीतसर उठून सांगितलं होतं की त्या कॉलनीत आपली सख्खी बहीण राहते, तेव्हा आपण बाजूला होणं इष्ट. अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना विचारलं. कंपनीचे वकील अर्धवट उठून म्हणाले, "साहेबांबद्दल शंका घेणं म्हणजे वजनकाट्याबद्दल शंका घेणं आहे. आमची हरकत नाही." रहिवाशांच्या वकिलाने मागे वळून आपल्या लोकांकडे बघितलं, कुणाशी तरी दोन शब्द कुजबुजला आणि चेहरा शक्य तितका कोरा ठेवून म्हणाला, "आमचीही हरकत नाही." कोऱ्या चेहऱ्याच्या आड त्याला झालेला आनंद व्यासपीठावरून स्पष्ट दिसत होता. भाऊ बसतोय न्यायाला, आता काय चिंता. तो पुन्हा खुर्चीत बसला तेव्हा खुर्चीचा कातडी हात त्याला उबदार लागला. आपण उठून जाऊ शकलो असतो, हरकत कुणाची नसतानाही जाऊ शकलो असतो, हे त्याच्या मनात आलं होतं. आलं आणि गेलं.

आता बेबी बोलत होती. घराच्या मागे अंगण आहे, अंगणाच्या भिंतीपलीकडे मनोरा येणार, तारा मागच्या खोलीवरून जाणार. "त्या खोलीत आमचे वडील होते शेवटची वर्षं," ती म्हणाली आणि थांबली; त्याच्याकडे बघायचं की अध्यक्षांकडे, हे तिला ठरवता येईना. त्याने बटण दाबलं. "तारांचं घरापासूनचं अंतर नियमाप्रमाणे आहे की कमी?" "मला नाही सांगता येणार." "कंपनीने आराखडा दिला होता. आपण वाचला नाहीत?" "वाचला. पण कळला नाही." "म्हणजे जे आपल्याला कळलेलं नाही त्याला आपली हरकत आहे, असं नोंदवायचं का?" त्याचा आवाज मुळीच चढला नव्हता. कुठल्याही अर्जदाराला त्याने हाच प्रश्न याच आवाजात विचारला असता, विचारलेलाही होता. दालनात कुणी हसलं नाही. बेबीच्या गळ्याजवळची शीर त्याला इतक्या लांबून दिसली, लहानपणी रडण्याआधी दिसायची तशी. पण ती रडली नाही. "तुम्हाला योग्य वाटेल तसं नोंदवा," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला 'तुम्ही' म्हटलं. माइक मांजराच्या पिल्लासारखा दोन्ही हातांत धरून तिने तो पुढच्या माणसाला दिला आणि ती जाऊन बसली. ते गार पुन्हा एकदा मानेवरून उतरलं, आणि आता त्याला ओळख पटली. ते सुख होतं.

गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून तो या शब्दापासून दूर जायचा प्रयत्न करत राहिला. सुख कसलं, थकवा असेल. रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे सफरचंद होतं. वडिलांचा नियम होता: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. कापणारा नेहमी तो, थोरला म्हणून. कणभरही फरक राहिला तर मोठी फोड तिच्याकडे जाणार, म्हणून तो श्वास रोखून, जीभ दातांत धरून, बी नेमकी दुभंगेल असं कापायचा. वडील येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दोन भाग दाखवत. बघा, एवढासा पोरगा, पण हात कसा बघा. हाताचं कौतुक व्हायचं. त्या हातामागे काय उभं आहे हे कुणी बघितलं नाही. आणि बेबी? ती न बघताच उचलायची. खिडकीबाहेर बघत, गाणं गुणगुणत, जे हाताला लागेल ते. कधी त्याचाच हात हलला आणि एक फोड ठसठशीत मोठी झाली तर ती बेधडक लहान उचलून पळायची, आणि तो मोठी फोड हातात घेऊन तिथेच उभा राहायचा. ती फोड त्याला गिळवत नसे. तिने बघून, मोजून, हावरटपणाने मोठी उचलली असती तर किती बरं झालं असतं. आयुष्यभर तो तिच्यातला हा हावरटपणा शोधत आला होता आणि तो तिच्यात नव्हताच.

वडिलांचं अर्धं अंग गेलं तेव्हा तो लांबच्या शहरात बढतीवर होता. पैसे पाठवत होता, डॉक्टरांशी बोलत होता, सुट्टीत येत होता. बेबीचं लग्न आधी जमलं नाही आणि नंतर ते राहूनच गेलं. तिने वडिलांना जेवू घातलं, कूस बदलून दिली, त्यांच्या वाकड्या तोंडातून येणारे शब्द तिला एकटीला कळत. एकदा तो पलंगाशी बसला असताना वडील बराच वेळ काहीतरी बोलले. त्याला कळलं नाही. बेबी दारात उभी होती, ती म्हणाली, "काही नाही रे, उगाच बोलतात." वडील संतापले. चांगल्या हाताने त्यांनी पलंगाची पट्टी बडवली आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाले: "घर. तिला. तुला गरज नाही." लाळ हनुवटीवर आली, ती बेबीने पुसली. तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे, बाबा. हेच न्याय्य आहे." नातेवाइकांत या उत्तराची केवढी वाहवा झाली. मामा म्हणाले, आजकाल असा भाऊ मिळतो कुठे. त्याला खरंच गरज नव्हती. त्याच्याकडे याहून मोठा फ्लॅट होता. पण 'गरज नाही' हे शब्द त्याच्या आत कुठेतरी आडवे जाऊन बसले आणि तिथेच राहिले. ज्याला गरज नाही त्याला द्यायचं तरी काय? त्याला वाटा नको होता. मरायच्या आधी बापाने एकदा तरी, अन्यायाने का होईना, आपल्याकडे झुकायला हवं होतं.

घरी बायकोने त्याला पाणी दिलं. "बेबीवन्संचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्ही तिथे काय विचारलंत ते काही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, दादावर केवढा ताण असतो, त्याला जपा." तो बूट काढत राहिला. "मी जे सगळ्यांना विचारतो तेच विचारलं." "हो ना," बायको म्हणाली. तिने ग्लास परत घेतला आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता, भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "तुम्हाला सरळ भांडता येत नाही. म्हणून तुम्ही न्याय करता."  एका पायात बूट तसाच ठेवून तो बसून राहिला.

निर्णय लिहायच्या आधी अध्यक्षांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. अध्यक्ष म्हातारे, मऊ स्वभावाचे. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांचं पोट बिघडे. तिसरे सदस्य या दोघांचं जे ठरेल त्यावर सही करत. "मी काय म्हणतो," अध्यक्ष खिडकीकडे बघत म्हणाले, "सगळी नको, पण कॉलनीच्या मागचा तेवढा तुकडा जमिनीखालून देऊन टाकू. खर्च पसरला तर कुणाच्या बिलात कळणारसुद्धा नाही. म्हातारी माणसं आहेत हो तिथे. तुमच्या भगिनीही आहेत." पंखा फिरत होता. एवढं म्हणायचं होतं, चालेल. एक शब्द. तो शब्द त्याच्या जिभेवर आला, त्याची चवही त्याला लागली, गोडसर, फुकट मिळालेल्या गोष्टीची. "तेच तर अवघड आहे, सर," तो म्हणाला. "माझी बहीण तिथे नसती तर मी तुम्हाला आग्रह केला असता. आता दिलं तर उद्या लोक म्हणतील, भावाने बहिणीसाठी केबल पुरली. आयोगाच्या नावाला डाग लागेल. आणि उद्या प्रत्येक कॉलनी हेच मागेल. पूर्वेकडच्या माणसाने का भरायचं?" अध्यक्ष वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते टेबलाला वळसा घालून आले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "माझ्याच्याने हे झालं नसतं." त्यांचा तळवा ओलसर होता. आपला हात सोडवून घ्यावासा वाटत असतानाही त्याने तो तसाच राहू दिला. त्याचं स्वतःचं शेवटचं वाक्य खरं होतं. पूर्वेकडच्या माणसाने का भरायचं याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण ते खरं आहे म्हणून आपण बोललो की बोलायला सापडलं म्हणून ते खरं ठरलं, हे त्याला खोलीबाहेरच्या लांब मार्गिकेत चालताना सांगता आलं नसतं. त्याने स्वतःला विचारलंही नाही.

निर्णयाची वाहवा झाली. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले: 'सख्खी बहीण असूनही'. दुसऱ्या शहरांतल्या अशाच प्रकरणांत वकील त्याचा दाखला देऊ लागले, आणि बघता बघता नियमच झाला: रहिवासी भागातही वाहिनी वरूनच. काम लवकर झालं. पूर्वेकडच्या इस्पितळात त्याला बोलावलं होतं; तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला लिफ्टमधून मुद्दाम वर नेलं आणि म्हणाल्या, "आता मध्ये थांबत नाही." एका म्हाताऱ्या बाईने त्याच्या पायाला हात लावला. त्याने तिला उठवलं, काहीतरी बोलला. सगळीकडे दिवे अगदी स्थिर होते. त्या उजेडात उभं राहून तो वाट बघत राहिला, आपल्याला काही वाटेल म्हणून. भिंतीचा नवा रंग, फिनेलचा वास, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज, सगळं त्याच्यापर्यंत येत होतं आणि बाहेरच थांबत होतं.

नंतर एका रविवारी सकाळी तो बेबीकडे गेला. स्वतःहून; का, ते बायकोला सांगितलं नाही. कॉलनीत शिरतानाच मनोरा दिसला. वाटलं होतं त्याहून तो जवळ होता. नियमाच्या आतच, पण नियम कागदावर वेगळा दिसतो. दार उघडून बेबी हसली. "ये ना दादा. फोन करून आला असतास तर काही केलं असतं." घर पुसून लख्ख होतं. मागून तारांचा एक आवाज येत होता, माशी काचेत अडकल्यासारखा, एका पट्टीतला. पहिल्यांदा तो कानाला लागला, मग दातांना. बेबी त्या आवाजावर मात करत बोलत होती, किंचित मोठ्याने, तिच्या लक्षातही न येता. चहा करताना ती शाळेतल्या जुन्या मुलांच्या गोष्टी सांगत राहिली. तो वाट बघत होता. तिने आता म्हणावं, असं का केलंस. एकदा तिने म्हणावं, मग त्याच्याकडे सगळं तयार होतं. पण ती साखर विचारत होती. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "अध्यक्ष द्यायला तयार होते," तो म्हणाला. "कॉलनीमागचा तुकडा. मी नको म्हटलं."

बेबीने कप बशीवर ठेवला. तिचा चेहरा त्याने नीट बघितला; सुनावणीत साक्षीदाराचा बघतो तसा. "असेल काहीतरी कारण," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "वकिलाने मला आधीच विचारलं होतं रे, भाऊ बसलेला चालेल का. बाकीचे नको म्हणत होते. शेजारच्या बंगल्यातले कर्नल तर भांडलेच. मी म्हटलं, दादाने लहानपणापासून कधी मला कमी दिलं नाही, बसू दे त्याला. माझ्या शब्दावर सगळे गप्प बसले." "मग?" "मग काय. आता कर्नलांची बायको मला बघून दुसऱ्या फुटपाथला जाते. दूधवाल्याकडे मी गेले की बायका बोलायचं थांबवतात. त्यांना वाटतं, आपण दोघांनी मिळून काही केलं." ती हसली. "काय केलं असेल ते मात्र कुणाला सांगता येत नाही." तो चहा पीत होता. चहा चांगला झाला होता. आता आपल्याला लाज वाटेल, आता वाटेल, असं म्हणत त्याने कप रिकामा केला. लाजेच्या जागी फक्त मागचा तो एका पट्टीतला आवाज होता.

"विकून टाक," तो म्हणाला. "इथे कशाला राहतेस?"

"घेतं कोण? आले होते दोघं-तिघं. पुढची खोली आवडते, स्वयंपाकघर आवडतं. मागचं दार उघडलं की वर बघतात आणि चपला घालतात. एकाने तर चहाही पुरा प्यायला नाही."

"मी घेतो."

हे तो इतक्या मऊपणे म्हणाला की त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. बेबी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सैल झाला आणि ती रडू लागली, आवाज न करता, मोठ्या माणसांसारखी. "खरंच घेशील? म्हणजे बाबांचं घर घरातच राहील. मला काही फार नको रे. इथला काय भाव येणार, तुला माहीतच आहे." त्याला माहीत होतं. असे भाव कुठे किती उतरतात याचे तक्ते सुनावणीत त्याच्यासमोर आले होते आणि अप्रस्तुत म्हणून त्यानेच ते बाजूला ठेवले होते.

"पण आत्ता नाही," तो म्हणाला. "मी पदावर असताना माझ्याच निर्णयातलं घर मी घेणं बरं दिसणार नाही. निवृत्त झालो की. तोपर्यंत थांबावं लागेल."

"थांबते की. तोपर्यंत दुसरं कोण येतंय." तिने डोळे पुसले, उठली, दोन्ही कप उचलले आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन घुटमळली. तिथला आवाज जास्त होता. तिला आपला आवाज वाढवून बोलावं लागलं. "एक विचारू? घर तुझं झालं की मी या मागच्या खोलीत राहिले तर चालेल? पुढचं सगळं तुला मोकळं. माझा त्रास नाही व्हायचा."

ती कप धरून उभी होती. तिच्या डोक्यावर खिडकीच्या चौकटीत तारा दिसत होत्या, काळ्या, किंचित झोळ पडलेल्या. त्याने प्रश्न नीट ऐकून घेतला. घाईने उत्तर देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.